स्कोअरचा उपास

एप्रिल लागला की मी दोन गोष्टी बंद करायचो. एक, दुपारी घराबाहेर पडणं, जे जळगावात कोणीही शहाणा माणूस बंद करतो. दुसरी, संध्याकाळी सातपर्यंत मोबाईलवर आलेला कुठलाही निरोप उघडणं. बायको म्हणायची, घरात आग लागली तरी तुम्हाला सातलाच कळेल. मी तिला सांगायचो की आग लागली तर फोन कर, मेसेज करू नकोस.

याला आम्ही स्कोअरचा उपास म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा धुळ्याचा मित्र. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांचे सामने, एप्रिल ते जून चालतात आणि त्यांची रात्र ती आपली सकाळ. मी पाटबंधारे खात्यात आहे. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडलेलं असतं, सकाळी सातला घर सोडावं लागतं. मित्र धुळ्यातल्या देवपूर भागातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक, त्याची सकाळची शाळा. त्यामुळे सामना चालू असताना बघणं दोघांनाही जमायचं नाही. मग आम्ही ठरवलं की दिवसभर कोणी स्कोअर बघायचा नाही, ऐकायचा नाही, विचारायचा नाही. संध्याकाळी सातला फोन जोडून स्पीकरवर ठेवायचा आणि दोघांनी आपापल्या टीव्हीवर तोच सामना एकाच वेळी लावायचा. तो म्हणायचा, "एक, दोन, तीन, लाव." मी लावायचो. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली तरी नियम तोच राहायचा, कारण नियम काही शाळेसाठी नव्हता.

उपास मी फार कडक पाळला, हे आधीच सांगून ठेवतो. मेहरूण तलावाजवळच्या कोर्टवर आम्ही सात-आठ जण पहाटे खेळतो. दोन डॉक्टर, तीन इंजिनिअरिंगची पोरं, एक कापड दुकानवाला आणि बँकेतून निवृत्त झालेले एक नाना, जे आता फक्त शिट्टी वाजवतात आणि सगळ्यांना नावं ठेवतात. खेळता खेळता तिकडे सामना सुरू व्हायचा आणि पोरांचे मोबाईल बाकावर बडबडायला लागायचे. मी कान झाकून गाडीला किक मारायचो. एकदा ऑफिसात एका कारकुनाने आमच्या आवडत्या खेळाडूबद्दल नुसतं "साहेब, तुमच्या गार्डने आज" एवढंच म्हटलं, तर मी भर दुपारी चव्वेचाळीस डिग्रीत बाहेर जाऊन उभा राहिलो. तो बिचारा मागून छत्री घेऊन आला. त्याला वाटलं मला चक्कर येते आहे.

आमचं सगळं भांडण त्या गार्डवरून होतं. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणारा, कोणी कुठे पळायचं ते ठरवणारा. हा आमचा गार्ड ठेंगणा, त्या ताडमाड माणसांत तर अगदीच लहान दिसायचा, पण लीगच्या साध्या सामन्यांत त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता. प्लेऑफ आले की मात्र काहीतरी बिनसायचं. शेवटच्या दोन मिनिटांत तो चेंडू दुसऱ्याला देऊन मोकळा व्हायचा. माझं म्हणणं असं की समोर दोन-दोन जण अंगावर आले तर शहाणा गार्ड मोकळ्या माणसालाच चेंडू देतो, पुढे त्याने बास्केट चुकवली तर त्यात गार्डचा काय दोष. मित्राचं म्हणणं एका वाक्याचं होतं. तो घाबरतो. रविवारी कोर्टवर खेळून झालं की पोह्यांबरोबर हाच वाद चालायचा. निम्मे माझ्या बाजूने, निम्मे धुळ्याच्या बाजूने, आणि नाना दोघांच्याही विरोधात.

आता हा वाद इतका का पेटायचा, ते सांगायला हवं. मी स्वतः पॉइंट गार्ड होतो.

मी मूळचा चोपड्याचा. कॉलेजसाठी धुळ्याला आलो, देवपुरात होस्टेलवर राहिलो. मित्र माझा रूममेट, नवापूर रस्त्यावरच्या एका खेड्यातला, सहा फूट दोन इंच, आमचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी. तो घरी अहिराणी बोलायचा आणि मला दोन वर्षांत अहिराणी अशी शिकवली की चोपड्याला गेलो की आई हसायची. शेवटच्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचलो. सामना धुळ्यातच होता. होस्टेल अख्खं ग्राउंडवर. शेवटची नऊ सेकंदं राहिली, आम्ही एका गुणाने मागे, चेंडू माझ्याकडे. मित्राचे पाच फाऊल झाले होते, त्यामुळे तो बाहेर, डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर. मी आत घुसलो. दोघे अंगावर आले. डाव्या कोपऱ्यात आमचा एक जण मोकळा दिसला म्हणून मी पास दिला. पास त्याच्या मागून बाहेर गेला. शिट्टी झाली आणि आम्ही हरलो.

माझ्या आठवणीत त्याचं कारण साधं होतं. तो कोपऱ्यातला गडी पास निघताना आत सरकायला लागला होता, आणि चेंडू तो जिथे होता तिथे गेला. त्याचीही चूक नाही, माझीही नाही. अर्ध्या सेकंदाचा फरक. पण त्या रात्री मेसमध्ये मित्र म्हणाला की त्याने बाकावरून स्पष्ट पाहिलं, पास देताना माझा हात लटलट कापत होता. मी घाबरलो म्हणून स्वतः मारलं नाही, आणि घाबरलो म्हणून पास वाकडा गेला. मी ताट सरकवून उठलो. पुढे सव्वीस वर्षं हा वाद आमच्यात जिवंत राहिला. लग्नं झाली, मुलं झाली, त्याचे वडील गेले, माझी बदली तीनदा झाली, आणि दर भेटीत कधी ना कधी त्याने हात पुढे करून बोटं थरथरवून दाखवली नाहीत असं झालं नाही. मी चिडायचो. पण चिडण्यातही एक मजा होती, कारण मला माझं खरं माहीत होतं.

मग हे संध्याकाळचे सामने सुरू झाले, आणि दोन उन्हाळ्यांत माझं खरं हळूहळू पातळ होत गेलं.

त्याचं असं झालं की त्याला दिसायचं. मी दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सगळं सुरळीत चाललेलं असताना तो फोनवर शांतपणे म्हणायचा, "आता बघ, याचे खांदे वर गेले. पुढचे दोन चेंडू घालवणार." आणि गार्ड दोन चेंडू घालवायचा. "आज याच्यात दम आहे, आज हा एकटा जिंकवेल," म्हणाला की त्या दिवशी गार्ड एकटा जिंकवायचा. कधी चुकायचाही, पण बारीकसारीक ठिकाणी. शेवटच्या दोन मिनिटांत त्याचं म्हणणं कधीच खोटं ठरलं नाही. मी टीव्हीकडे डोळे फाडून बघायचो. मला ना खांदे वर गेलेले दिसायचे ना हात कापलेला दिसायचा. मला वाटायचं, मी आयुष्यभर हा खेळ खेळलो आणि मला तो वाचता येत नाही, आणि या माणसाला माणसाच्या मनातली भीती तीन चेंडू आधी दिसते. मी ऑफिसात त्याचं कौतुक सांगायचो. कोर्टवर पोरांना सांगायचो की खेळ बघायचा कसा ते धुळ्याच्या सरांकडून शिका. पोरं त्याला फोन करून विचारायला लागली.

आणि मग साहजिकच पुढचा विचार आला. ज्याला समुद्रापलीकडच्या माणसाची भीती पडद्यावर दिसते, त्याला वीस फुटांवरून माझी दिसली नसेल?

गेल्या डिसेंबरात आमच्या कोर्टच्या मंडळींनी भरीत पार्टी ठेवली, ममुराबादकडे कापड दुकानवाल्याच्या मळ्यात. मित्र खास धुळ्याहून आला. काट्याकुट्यांवर वांगी भाजली जात होती, पत्रावळी मांडल्या होत्या, आणि कोणीतरी मागच्या उन्हाळ्यातला गार्डचा शेवटचा सामना काढला. वाद रंगला. मित्राने नेहमीप्रमाणे माझ्याकडे हात करून बोटं थरथरवली. सगळे हसले, कारण ती गोष्ट आता त्यांनाही पाठ होती. नेहमी मी इथे चिडतो. त्या दिवशी मी चिडलो नाही. मी म्हणालो, "खरं आहे. मी घाबरलो होतो."

नानांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. मित्र उठून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एवढी वर्षं लागली बोलायला." मला खरंच हलकं वाटलं. जाताना आम्ही दोघं गाडीपाशी बराच वेळ उभे होतो आणि मला वाटलं, यापेक्षा जवळचा माणूस मला नाही. हे आज लिहितानाही मला माझाच राग येतो.

यंदा मे महिन्यात ऑफिसच्या कामाने धुळ्याला जायचं निघालं. बैठक अकराला होती. मी पहाटेची एसटी पकडली, एरंडोल-पारोळा करत सव्वाआठला देवपुरात उतरलो. म्हटलं, याला न सांगता जाऊ, चहा घेऊ. पांझरा नदीत पाणी नव्हतं पण सकाळ अजून तापायची होती. मी खुशीत होतो. त्या दिवशी पहाटे गार्डच्या संघाचा सामना होता आणि संध्याकाळी आम्ही तो बघणार होतो. एसटीत शेजारच्या पोराने मोबाईल काढला तेव्हा मी जागा बदलून मागे जाऊन बसलो होतो.

वहिनींनी दार उघडलं. त्यांना माझी अहिराणी आवडते म्हणून माझ्याशी त्या मुद्दाम अहिराणीच बोलतात. "या भाऊ, बसा. त्या वर गच्चीवर शेतस. तुम्हनी मॅच देखी राहिनात."

तो वर गच्चीवर मॅच बघतोय म्हणजे कालची असेल, मला वाटलं. मी जिना चढायला लागलो. अर्ध्या जिन्यावर मला तिथल्या निवेदकाचा आवाज ऐकू आला, तो घाईचा, शेवटच्या मिनिटांचा आवाज, आणि त्याने आमच्या गार्डचं नाव घेतलं. वर पत्र्याच्या सावलीत मित्र खुर्चीवर पाठमोरा बसलेला होता, मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून. आणि मी काय केलं? मी कानांत बोटं घातली. संध्याकाळी बघायचं आहे, स्कोअर कानावर पडायला नको, म्हणून. कानांत बोटं घालून मी तो जिना उलटा उतरलो, पायरी न बघता, एका हाताचा कोपर भिंतीला घासत. खाली सोफ्यावर येऊन बसलो तेव्हा कुठे मला कळलं की मी काय पाहिलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं की रोज बघतो का. त्या म्हणाल्या, तीन वर्षं झाली, सुट्टीत गच्चीवर, शाळा असली की शाळेत मोबाईलवर. मग हसून म्हणाल्या की एकच मॅच माणूस सकाळ-संध्याकाळ कशी बघतो ते त्यांना अजून समजलेलं नाही, त्या तर मालिकेचा भागसुद्धा दुसऱ्यांदा बघू शकत नाहीत. त्यांच्या बोलण्यात काहीही लपवाछपवी नव्हती. त्यांना हे लपवायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नव्हतं.

दहा मिनिटांनी तो खाली आला. मला बघून क्षणभर थबकला, मग हात पसरून "अरे, कधी आला" वगैरे झालं. आम्ही चहा प्यायलो. मुलांचं विचारलं. आणि मी निघताना चपला घालत होतो तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "आज सातला आहे ना? स्कोअर तर नाही ना बघितला?"

मी म्हणालो, "नाही. तू?"

"छे," तो म्हणाला. "उपास म्हणजे उपास."

बैठकीत काय झालं ते मला अजिबात आठवत नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून तीन उन्हाळे उलगडत होतो. खांदे वर गेले, दम आहे, पुढचे दोन चेंडू घालवणार. सगळं त्याने सकाळी पाहिलेलं होतं. मला सगळ्यात लागलं ते त्याचं चुकणं. अधूनमधून तो जे चुकायचा, ते मुद्दाम चुकायचा, मला संशय येऊ नये म्हणून. फसवायचं तर सरळ फसवावं. हा तर एवढी मेहनत घेऊन फसवत होता.

त्या संध्याकाळी मी फोन जोडला. का जोडला ते विचारू नका, सवय म्हणा. "एक, दोन, तीन, लाव," तो म्हणाला. मी लावलं. तो सांगत गेला, मी "हो का", "अरे वा" करत गेलो आणि माझ्याच आवाजाची मला किळस आली. बायको मधे डोकावून गेली, तिने विचारलं की बरं नाही का. मी म्हणालो, ऊन लागलं.

दोन दिवसांनी निर्णायक सामना होता. जो हरेल तो घरी. मी ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं, कोर्टवरही गेलो नाही, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सकाळी, चालू सामना, एकटा बसून बघितला. उपास मोडला. मला वाटलं होतं राग राग येईल, पण थोड्या वेळाने मी सामन्यातच गुंतलो. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं आणि गार्डचा संघ एका गुणाने मागे. चेंडू त्याच्याकडे. मी सोफ्यावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेलो, त्याच्या हाताकडे बघत. मला हात कापताना दिसला नाही. न कापतानाही दिसला नाही. हात होता, चेंडू होता, दोघे अंगावर आले, त्याने कोपऱ्यातल्या मोकळ्या माणसाला पास दिला. पास छातीवर, जसा हवा तसा. त्या माणसाने मारलेला चेंडू कड्यावर आपटून बाहेर पडला. संपलं. मी तसाच उभा होतो आणि माझा डावा हात माझ्या उजव्या मनगटाला घट्ट धरून होता.

संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. आवाज नेहमीचा. लावलं. तो रंगात होता. पहिल्या क्वार्टरपासून सांगत होता की आज गार्डचं काही खरं नाही. मी फार बोललो नाही. शेवटचं अर्धं मिनिट आलं तेव्हा म्हणाला, "आता बघ. हात गेला त्याचा. मारणार नाही, देऊन टाकेल."

मी विचारलं, "कोणाला देईल?"

"कोपऱ्यातल्याला."

"आणि तो?"

"तो काय, तो चुकवणार," तो म्हणाला, आणि लगेच गप्प झाला. बहुतेक त्याच्या लक्षात आलं की इतकं नेमकं आपण कधी सांगत नाही. पडद्यावर पास गेला. चेंडू कड्यावर आपटला. माझ्या टीव्हीवर गर्दीचा आवाज झाला आणि किंचित मागून फोनमधून त्याच्या टीव्हीवरचा.

"सकाळी कुठे बसून बघितलीस?" मी म्हणालो. "गच्चीवर?"

मी सांगितलं की त्या दिवशी मी अर्ध्या जिन्यावरून परत फिरलो होतो. कानांत बोटं घालून, हेही सांगितलं. आणि मग जे इतके दिवस साठलं होतं ते बोललो. मी म्हणालो की तू मला उल्लू बनवलंस ते एक वेळ सोड, पण त्या तुझ्या नजरेच्या भरवशावर मी आठ माणसांत कबूल केलं की मी घाबरलो होतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तेव्हा तरी तुला सांगावंसं वाटलं नाही?

मग तो बोलला, होस्टेलच्या खोलीत दिवा बंद केल्यावर बोलायचा तसा, अहिराणीत. "माले देखवत नही रे. काय व्हई ते माहीत नसनं, तर माले देखवत नही. छाती धडधड करस. म्हनीसन सकायमा देखी लेस."

शेवट माहीत नसला तर याला बघवत नव्हतं, म्हणून हा सकाळीच बघून घ्यायचा. माणूस एवढा सहा फूट दोन इंचांचा. शाळेतल्या सगळ्या पोरांना घाबरट म्हणून हिणवणारा. मला त्याची कीवही आली असती, पण त्याच्या त्या बोलण्याने मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. पाच फाऊल, बाक, नऊ सेकंद.

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं. "फायनलला? तुझ्या डोक्यावर टॉवेल होता."

मी बघत होतो, एवढं तो म्हणाला असता तरी मी विश्वास ठेवला असता. मी खरंच तयार होतो.

"टॉवेलमा तोंड घालेल व्हतं," तो म्हणाला. "लोकेस्ना आवाज आयका फक्त."

मी फोन ठेवला. त्याने नंतर दोनदा केला, मी उचलला नाही. जून संपला, अंतिम सामने झाले, कोण जिंकलं ते मला कोर्टवरच्या पोरांच्या बोलण्यातून कळलं आणि मी कान झाकले नाहीत.

परवाच्या रविवारी पोह्यांबरोबर पुन्हा गार्ड निघाला. तो संघ सोडणार अशी बातमी आहे. पोरं म्हणत होती, घाबरट होता, गेला तर बरं. डॉक्टर म्हणाले, तो शेवटचा पास बिनचूक होता. मग त्या पोरांतला एक माझ्याकडे वळला, अगदी आदराने, आणि म्हणाला, "काका, तुम्ही सांगा ना. असं घाबरल्यावर आतून नेमकं काय होतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानासुद्धा. मी ठरवलेलं होतं की वेळ आली की सांगून टाकायचं, मी घाबरलो नव्हतो, तो बघत नव्हता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं, माझी कबुली खोटी होती. मी तोंड उघडलं. आणि बोलण्याआधी एकदा खात्री करावी म्हणून ती नऊ सेकंदं डोळ्यांपुढे आणली. ग्राउंड तेच, होस्टेलची पोरं तीच, डाव्या कोपऱ्यात तो गडी. मी आत घुसलो. आणि माझा हात कापत होता. स्पष्ट, मनगटापासून. मी पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहिलं, पूर्वी आठवायचं तसं, तो गडी आत सरकतो आणि चेंडू मागून जातो ते. ते दिसलंच नाही. सव्वीस वर्षं जे रोजच्या रोज माझ्यापाशी होतं ते आता तिथे नव्हतं. त्या दिवशी माझा हात मी एकट्यानेच पाहिला होता, आणि आता मलाही विचारून उपयोग नव्हता.

पोरगा वाट बघत होता. मी त्याला सांगितलं की हात कापतो.